बार्शी लाईटचा जुना मार्ग शोधायचा कसा, आणि आठवणी नोंदवायच्या कशा

प्रश्न असा आहे: धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावाजवळून पूर्वी नॅरोगेजची बार्शी लाईट जायची. ब्रॉडगेज झाल्यावर नवे रूळ दुसरीकडून गेले. गावातल्या मुलांना जुना मार्ग, पूल आणि स्टेशनच्या खुणा शोधून नोंदवायच्या आहेत, जाणत्या माणसांच्या आठवणीही लिहून ठेवायच्या आहेत. सुरुवात कुठून करावी, कोणते कागद पाहावेत, आणि शेतातला एखादा भराव रेल्वेचाच होता हे कसं ठरवावं?

सगळ्यात आधी एवढं पक्कं करा की तुमच्या शिवारात नवी लाईन जुनीवरच पडली आहे की तिच्यापासून फुटून गेली आहे. गेज बदलताना जमेल तिथे जुनाच भराव रुंद करून वापरतात. अशा पट्ट्यात जुन्या मोऱ्या, म्हणजे ओढ्यांवरचे छोटे पूल, नव्या कामाखाली गाडल्या जातात किंवा तोडल्या जातात, खडी बदलते, स्टेशन नव्यानं बांधलं जातं. तिथे कितीही हिंडलं तरी फारसं हाती लागत नाही, आणि ती चालू लाईन असल्यानं तिथे हिंडूही नये. जिथे नव्या लाईनीनं जुनीची साथ सोडली, तिथली गोष्ट वेगळी. रूळ, स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या), पुलावरचे गर्डर (लोखंडी तुळया) यांना भंगारात किंमत येते, म्हणून ते उचलले जातात. भराव, डोंगरातली खोदाई, दगडी मोऱ्या आणि पुलांचे खांब मात्र बहुधा जागच्या जागी राहतात, कारण ते काढायचा खर्च निघणाऱ्या दगडाच्या किमतीपेक्षा जास्त येतो. म्हणून शोध फारकतीच्या टोकापासून सुरू करायचा. दोन्ही लाईनी जिथे एकमेकींपासून सुटतात ती जागा नकाशावर शोधा आणि तिथून जुन्या बाजूला चालत जा.

तुमच्या भागात अशी फारकत ठळक आहे. जुनी लाईन बार्शीहून पांगरी, मग रामलिंगच्या घाटातून येडशी आणि पुढे कळंब रोड, ढोकी, मुरुड करत लातूरला जायची. ब्रॉडगेज करताना धाराशिव शहर जोडायचं म्हणून लाईन वळवली. त्यामुळे पांगरी आणि येडशी यांच्या मधला जुना घाटमार्ग मोकळा पडला. लातुरात तर ‘जुनी रेल्वे लाईन’ हा आजही पोस्टाचा पत्ता आहे.

मैदानात उतरण्यापूर्वी थोडा इतिहास लागेल, कारण पुढच्या बऱ्याच खुणा त्याच्याच आधारे ओळखायच्या आहेत. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या नोकरीत भारतात आला. बार्शी हे कापसाचं मोठं पेठेचं गाव जीआयपीच्या मुख्य लाईनीपासून दूर राहिलं होतं. त्याला जोडायला त्यानं १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी काढली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी हा सुमारे ३४ किलोमीटरचा पहिला तुकडा सुरू झाला. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कॅल्थ्रॉपचा सगळा भर एका गोष्टीवर होता: इंजिन असो की वाघीण (मालडबा), चाकांच्या कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. तेवढं पाळलं की यार्डाला अवघ्या ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलोचा, हलका रूळ चालतो आणि भराव-पूलही स्वस्तात होतात. लीड्सच्या किटसन कारखान्यातली त्याची ०-८-४ चाकांची इंजिनं याच हिशेबानं घडवली होती. १९०६ मध्ये लाईन पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं कंपनी ताब्यात घेतली आणि लाईन मध्य रेल्वेत आली. लातूर ते कुर्डुवाडी ब्रॉडगेज २००८ पर्यंत झालं, पंढरपूर ते मिरज त्यानंतर.

याच कॅल्थ्रॉपनं याच गेजची लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली ही लाईन इंग्लंडात बांधली. ती १९०४ ला सुरू होऊन १९३४ ला बंद पडली आणि १९३७ पासून तिच्या भरावावरून लोक पायी फिरतात, कारण लाईन बंद पडताच ती जमीन एकसंध राखली गेली. तुमच्याकडच्या घाटाच्या तुकड्याचंही असं काही व्हावं असं वाटत असेल, तर आधी नोंद हवी. नोंद नसलेल्या गोष्टीसाठी कुठल्याही कचेरीत मागणी करता येत नाही.

कागद

भारतीय सर्वेक्षण विभागाचे टोपोशीट, म्हणजे भूरूप दाखवणारे सविस्तर नकाशे, हा पाया. जुन्या क्रमांकपद्धतीत कुर्डुवाडी-बार्शीचा भाग ४७ एन मध्ये येतो, पंढरपूर-सांगोला ४७ ओ मध्ये, लातूरकडचा ५६ बी मध्ये. विभागाच्या नक्शे पोर्टलवर १:५०,००० चे नकाशे पीडीएफमध्ये उतरवता येतात, पण आवृत्तीचं साल बघून घ्या. ब्रॉडगेजनंतरच्या आवृत्तीत जुनी लाईन नसेल. जुनी हवी असेल तर अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागानं १९५० च्या दशकात छापलेली १:२,५०,००० ची यू ५०२ मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. हे प्रमाण लहान असल्यानं त्यावरून मार्ग कुठल्या गावाच्या कुठल्या अंगानं गेला एवढंच कळतं. त्यावर रेघ ओढून जीपीएसमध्ये टाकली तर ती प्रत्यक्ष भरावापासून दोनतीनशे मीटर सरकलेली निघू शकते.

त्याहून बारीक काम गावनकाशा करतो, आणि नेमका तोच लोक विसरतात. भूमी अभिलेख कार्यालयातल्या मूळ गावनकाशावर रेल्वेची जमीन एक लांबट, सारख्या रुंदीची पट्टी म्हणून दिसते, आणि दोन्ही बाजूंचे गट तिच्यापाशी तिरके कापले गेलेले असतात. महाभूनकाशाच्या पोर्टलवर गट क्रमांकावरून हा आकार घरबसल्या पाहता येतो. शेताच्या तुकड्यांचे बांध सगळे एका दिशेला आणि मधूनच एक तिरकी वाकडी रेघ सगळ्यांना कापून गेली, तर ती रस्ता, कालवा किंवा रेल्वे यांपैकीच काहीतरी आहे. त्यानंतर जुनी खरेदीखतं बघा. खतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात: ‘पूर्वेस रेल्वे लाईन, दक्षिणेस ओढा’. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं असं एक खत घरातल्या पेटीत सापडलं तर त्या गटापुरता प्रश्न मिटतो, कारण ते खत करणाऱ्यानं लाईन डोळ्यांनी पाहून लिहिलेलं असतं. दुय्यम निबंधक कार्यालयात नकलाही मिळतात.

दप्तरं शोधताना एक अडचण येते ती राज्यांच्या जुन्या हद्दींमुळे. बार्शी तालुका इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होता, येडशी-लातूर निजामाच्या राज्यात, आणि मिरजेकडचा भाग पटवर्धनी संस्थानांत. म्हणजे एकाच लाईनीचे कागद तीन राजवटींत पडले. बार्शीच्या बाजूचे पत्रव्यवहार मुंबईच्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रेल्वे शाखेच्या खंडांत शोधायचे. लातूरच्या बाजूचे हैदराबादच्या राज्य पुराभिलेखागारात, आणि तिथे उर्दू वाचणारा माणूस सोबत न्यायचा. कंपनी लंडनची असल्यानं ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरातही पाहावं लागतं. सोलापूरचं जुनं गॅझेटिअर १८८४ चं आहे, म्हणजे लाईनीच्या तेरा वर्षं आधीचं. त्यात रेल्वे सापडणार नाही, पण रेल्वेआधीचे बैलगाडीचे रस्ते आणि बाजार कळतात, आणि लाईन त्याच वाटेनं का गेली हे उमगतं. ‘कळंब रोड’, ‘औसा रोड’ अशी स्टेशनांची नावं बघा. नावात ‘रोड’ असेल तर ते गाव स्टेशनपासून लांब आहे आणि तिथून त्या गावाला गाडीरस्ता फुटत होता. तो रस्ता, त्यावरची विहीर आणि धर्मशाळा हेही याच शोधात येतात.

मध्य रेल्वेची जुनी वेळापत्रकं रद्दीच्या आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मिळतात. प्रवाशांच्या वेळापत्रकात स्टेशनांमधली अंतरं असतात, ती टिपून ठेवा. कर्मचाऱ्यांसाठीचं वर्किंग टाईमटेबल हाती लागलं तर त्याहून भाग्याची गोष्ट नाही. त्यात वेगमर्यादा, क्रॉसिंगची (समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडायची) स्टेशनं आणि पाणी घेण्याच्या जागाही असतात.

उपग्रहचित्र

गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं बघायची सोय आहे. रूळ असतानाचं, उचलल्यानंतरचं आणि आजचं अशी तीन चित्रं शेजारी ठेवा. रब्बीची ज्वारी काढून झाल्यावरची, म्हणजे मार्च ते मे मधली चित्रं निवडा. उभ्या पिकात आणि पावसाळी हिरवळीत भराव लपतो. काय शोधायचं? वेड्या बाभळींची लांब, सारख्या रुंदीची रांग. भरावाच्या दोन्ही बाजूंना ओळीनं खड्डे, कारण भरावाची माती शेजारूनच खणून घेत. पावसाळ्यानंतर या खड्ड्यांत पाणी साचतं आणि चित्रात ते काळ्या ठिपक्यांची माळ होऊन दिसतात. सापडलेल्या रेघेवर दर शंभर-दोनशे मीटरला बिंदू ठेवा आणि केएमएल फाईल (नकाशावरच्या खुणांची फाईल) करून फोनमधल्या ऑफलाईन नकाशात टाका. घाटात नेटवर्कवर विसंबता येत नाही.

शेतात उभं राहून ओळखायचं

इथे चुका फार होतात, म्हणून सविस्तर सांगतो. सोलापूर-धाराशिवच्या माळावर रेल्वेसारखे दिसणारे भराव भरपूर आहेत. उजनीचे कालवे आहेत, पाझर तलावांचे बांध आहेत, आणि १९७२ च्या दुष्काळात केलेले रस्ते आहेत. हे दुष्काळी रस्ते सरळ, उंच आणि अर्धवट सोडलेले असतात, आणि उपग्रहचित्रात हुबेहूब उखडलेल्या लाईनीसारखे दिसतात.

पहिली कसोटी माथ्याची रुंदी. एकेरी नॅरोगेजच्या भरावाचा माथा सुमारे ३.७ मीटर रुंद धरतात, खोदाईत ३.३५ मीटर. ब्रॉडगेजला भरावावर सहा मीटरच्या पुढे लागतो. शंभर वर्षांच्या पावसानं कडा ढासळतात, म्हणून एकाच जागी मोजून थांबू नका. पन्नास-पन्नास मीटरवर दहा जागी मोजा. बहुतेक मापं तीन ते चार मीटरमध्ये आली तर नॅरोगेजचा संशय बळावतो. पाच-सहा मीटर आणि दोन्ही बाजूंना गटारं असतील तर रस्ता समजा.

दुसरी कसोटी वळणाची, आणि ही सगळ्यांत भरवशाची. तीस मीटरचा टेप वळणाच्या एकाच कडेवरच्या दोन बिंदूंत ताणून धरा. टेपच्या मध्यापासून, म्हणजे पंधरा मीटरवरून, कडेपर्यंतचं आडवं अंतर मोजा. टेपच्या लांबीचा वर्ग भागिले या अंतराची आठपट, ही वळणाची त्रिज्या. समजा मधलं अंतर ७५ सेंटिमीटर आलं. ९०० भागिले ६, म्हणजे त्रिज्या १५० मीटर. कड झिजल्यामुळे दहा सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तरी त्रिज्या साधारण १३० ते १७३ च्या दरम्यान राहते. ब्रॉडगेजला १७५ मीटरपेक्षा आवळ वळण चालत नाही, नॅरोगेजला त्याहून बरंच आवळ चालतं. हे मोजमाप एकाच वळणावर चार-पाच जागी करा. रेल्वेच्या वळणाची त्रिज्या सुरुवात आणि शेवट सोडला तर सारखी राहते. रस्त्याचं वळण मात्र जागोजागी बदलतं. आणि आखूड टेपनं हे काम करू नका. दहा मीटरच्या टेपवर त्याच वळणाचं मधलं अंतर जेमतेम आठ सेंटिमीटर येतं, त्यात दहा सेंटिमीटरची चूक धरली तर उत्तराला काही अर्थ उरत नाही.

तिसरी कसोटी चढाची. फोनमधल्या जीपीएसची उंची यासाठी कामाची नाही, ती सहज पाच-दहा मीटरनं चुकते. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घ्या. तीस मीटरवर पातळीतला फरक तीस सेंटिमीटर आला तर चढ शंभरास एक. हलक्या लाईनीला यापेक्षा तीव्र चढही चालतात, पण दुष्काळी रस्त्यासारखा वीसास एक, पंधरास एक असा चढ अशा रेल्वेला सहसा नसतो. कालव्याचं उलट असतं. तो जवळजवळ सपाट, डोंगराच्या प्रत्येक घडीत शिरून बाहेर येणारा, आणि एका बाजूला देखरेखीचा कच्चा रस्ता असलेला. रेल्वे घडीत शिरत नाही. ती ओढा भरावानं आणि मोरीनं ओलांडते, पुढची सोंड खोदून काढते.

खडीवर फार विसंबू नका. रेल्वेची खडी ४० ते ५० मिलिमीटरची, कडक काळ्या दगडाची, धारदार असते, पण रस्त्यालाही तशीच खडी पडते. शिवाय लाईन उचलल्यावर चांगली खडी लोक घरच्या कामाला नेतात. माथ्यावर खडी नाही म्हणून तो भराव रेल्वेचा नाही, असं म्हणता येत नाही.

मोरी सापडली की मात्र तिथे अर्धा दिवस द्या. समजा ओढ्यावर दीड-दोन मीटर गाळ्याची कमान आहे. आधी गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं मोकळं अंतर, मोजा, मग कमानीची ओढ्याच्या दिशेतली लांबी. ही लांबी महत्त्वाची, कारण तिच्यावरून वर किती रुंदीचा भराव होता ते कळतं. दगड घडीव की अर्धघडीव ते पाहा. सांधे चुन्याचे की सिमेंटचे तेही पाहा. चुना नखानं खरवडतो आणि पांढरट पूड पडते, सिमेंट करडं आणि टणक असतं. कमान चुन्यात आणि कठडा सिमेंटात असेल तर दुरुस्ती नंतरची आहे. कमानीचा मधला दगड आणि कठड्याची आतली बाजू ओल्या फडक्यानं पुसून बघा. तिथे साल कोरलेलं किंवा पुलाचा क्रमांक रंगवलेला असू शकतो, सोबत पाण्याच्या प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण. क्रमांक ‘३४/२’ अशा धर्तीचा असेल तर ३४ हा किलोमीटर आणि २ हा त्या किलोमीटरातला दुसरा पूल. जुना क्रमांक मैलांत असू शकतो, म्हणून वेळापत्रकातल्या अंतराशी दोन्ही हिशेब ताडून बघा. एकदा एका पुलाचा क्रमांक पक्का जुळला की पुढचेमागचे सगळे पूल अंतरानं शोधता येतात.

मोठ्या पुलाच्या खांबांवर गर्डर टेकायचे घडीव दगड असतात, त्यांना बेडस्टोन म्हणतात. त्यांच्यात बोल्टची भोकं दिसतात. दोन ओळींतलं अंतर मोजून ठेवा. त्यासाठी खांबावर चढू नका, खालून पट्टी धरून फोटो काढला तरी मोजमाप निघतं. एक मीटरची, दर वीस सेंटिमीटरला लाल-पांढरी रंगवलेली काठी प्रत्येक फोटोत असावी.

स्टेशनची जागा ओळखायला इमारत उरलीच पाहिजे असं नाही. भरावाचा माथा अचानक तिप्पट-चौपट रुंद होतो, कारण तिथे क्रॉसिंगचा दुसरा रूळ होता. प्लॅटफॉर्म जेमतेम फूटभर उंचीचा, कडेला घडीव दगडांची एकच ओळ, त्यामुळे पुष्कळदा तो शेताचा बांध समजून ओलांडला जातो. जमिनीत काळी राख आणि कोळशाचे जळके खडे सापडले तर तिथे इंजिन थांबून राख पाडत होतं. पाण्याच्या टाकीचा दगडी चौथरा आणि जवळपास कुठेतरी पायऱ्या नसलेली मोठी बांधीव विहीर, ही जोडी शोधा. गुलमोहर, कडुलिंब, पिंपळ अशी मुद्दाम लावलेली जुनी झाडं एका ओळीत दिसली तर ती प्लॅटफॉर्मची सावली. आणि गावात फिरताना जुन्या घरांच्या तुळया, गोठ्याचे खांब, तारेच्या कुंपणाचे डांब बघा. रुळाचा तुकडा असेल तर त्याच्या उभ्या पोटावर कारखान्याचं नाव, साल आणि वजन उठावाच्या अक्षरांत असतं. त्यावर खडू घासला की गंजातूनही वाचता येतं. रुळाचं साल लाईनीचं साल मात्र नव्हे. जुने रूळ एका लाईनीवरून दुसरीवर जात, म्हणून ते फक्त ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगतं.

डॉगस्पाईक (रूळ स्लीपरला ठोकायचा खिळा), फिशप्लेट (दोन रूळ जोडायची पट्टी), दिव्याची काच असं काही जमिनीवर दिसलं तरी उचलून घरी नेऊ नका. १९६६ च्या कायद्यानं रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं हा गुन्हा आहे, आणि वस्तू जागेवरून हलली की तिचा पुरावा म्हणून उपयोगही संपतो. जागेवर फोटो, माप, जीपीएस, बस. चालू लाईनीच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हाही १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. फारकतीची टोकं नेमकी चालू लाईनीला लागून असतात, म्हणून तिथलं मोजमाप कुंपणाबाहेरूनच करा. रामलिंगचा घाट अभयारण्यात येतो. वनविभागाची परवानगी लेखी घ्या आणि सोबत वनरक्षक मागा, त्याला वाटा माहीत असतात. शेतातून जाताना मालकाला विचारा. बऱ्याच ठिकाणी रेल्वेच्या पट्टीवर वहिवाट झालेली असते, आणि टेप घेऊन आलेला माणूस मोजणीवाला समजला जातो. तुम्ही जमिनीसाठी आला नाहीत हे पहिल्या वाक्यात सांगितलं नाही तर पुढे कुणी बोलत नाही.

मोरीत वाकून शिरण्यापूर्वी आत काठी फिरवा, घोणस आणि नाग गारव्याला तिथेच असतात. कमानीखाली आग्या मोहोळ आहे का ते लांबूनच पाहा. असेल तर ती मोरी त्या दिवशी सोडून द्या, मोठ्यानं बोलूही नका.

आठवणी

वेळ कमी असेल तर हे काम आधी करा. दगडी मोरी आणखी पन्नास वर्षं थांबेल. वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकलेला फायरमन आज फार म्हातारा झालेला आहे.

कुणाकडे जायचं? स्टेशनमास्तर आणि गार्ड यांच्या बदल्या होत, ते गावात राहिले नाहीत. गँगमन आणि मुकादम बहुतेक आसपासच्याच गावांतले असत, आणि आपली बीट, म्हणजे नेमून दिलेला लाईनीचा तुकडा, रोज पायी तपासत. लाईनीचा प्रत्येक सांधा, प्रत्येक मोरी त्यांच्या पायाखालची. की-मन, गेटमन, पॉइंटमन, कुर्डुवाडी वर्कशॉपमधले फिटर आणि लोहार, यांना शोधा. बायकांना विसरू नका. गेटमनचं घर फाटकापाशीच असे आणि गाडीच्या वेळा घरातल्या बाईलाही पाठ असत. स्टेशनवर भजी-पेरू विकणारी, डब्यातून बाजाराला दूध नेणारी, आषाढीला पंढरपूरला गेलेली माणसं, प्रत्येकाला वेगळीच लाईन दिसलेली असते.

‘काही आठवणी सांगा’ असं विचारलं की सगळे तेच सांगतात: गाडी हळू जायची, माणूस उतरून पुन्हा चढायचा. ते नोंदवा, पण तिथे थांबू नका. वस्तू धरून विचारा. तिकीट कसलं होतं, पुठ्ठ्याचं की कागदाचं? कंदिलात तेल कोण घालायचं? इंजिन पाणी कुठे घ्यायचं आणि किती वेळ लागायचा? घाट चढताना गाडी थांबली तर काय करत? बीट कुठल्या मोरीपासून कुठल्या मोरीपर्यंत होती? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की नकाशा पुढे करा आणि त्यांच्या बोटानं दाखवून घ्या. मोरीला गावकऱ्यांनी दिलेलं नाव विचारा. सरकारी क्रमांकाशेजारी ते नाव लिहिलं की पुढे कुणालाही जागा सापडते. आणि जमेल तर त्यांना प्रत्यक्ष भरावावर न्या. घरात ओसरीवर बसून न आठवलेलं पुलाजवळ उभं राहिलं की आठवतं.

सालासाठी थेट ‘कोणत्या साली’ विचारू नका. माणूस आदरापोटी काहीतरी साल सांगून मोकळा होतो. सगळ्यांना माहीत असलेल्या घटनांशी जोडा. पोलीस ॲक्शनच्या आधी की नंतर? बहात्तरच्या दुष्काळात गाडी चालू होती का? लातूर जिल्हा वेगळा झाला, म्हणजे १९८२, तेव्हा? किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, त्यानंतर इंजिन वाफेचं होतं की डिझेलचं? अशी दोन टोकं मिळाली की घटना त्यांच्यामध्ये बसवता येते. दोन माणसांचं सांगणं जुळत नसेल तर दोन्ही लिहा, नावानिशी. त्यातलं बरोबर कोणतं हे तुम्ही ठरवून एक गाळू नका. पुढे एखादा कागद सापडला की निवाडा होतो.

ध्वनिमुद्रण फोनवर चालतं, पण पंखा बंद करा, फोन टेबलावर न ठेवता घडी केलेल्या पंच्यावर ठेवा, आणि साधा कॉलरला लावायचा माईक मिळाला तर तो वापरा. सुरुवातीलाच तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव, नोकरी आणि त्यांची संमती त्यांच्याच आवाजात घ्या. तासाभरापेक्षा जास्त ताणू नका, हवं तर पुन्हा जा. लिहून काढताना त्यांची बोली सुधारू नका. ‘टेशन’, ‘लाईनीकडचं रान’ हे जसं बोलले तसंच लिहा.

जुने फोटो मागून घरी नेऊ नका, कितीही विश्वासानं दिले तरी. तिथेच स्कॅनर किंवा दिवसाच्या उजेडात फोन लावा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय पुरतं. मागची बाजूही टिपा, स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलनं लिहिलेली तारीख तिथेच असते.

नोंदी एकाच पद्धतीच्या ठेवा: अनुक्रमांक, काय आहे, अक्षांश-रेखांश, कुर्डुवाडीपासूनचं अंतर, मापं, बांधकाम, आजची अवस्था, फोटोचे क्रमांक आणि कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं ते. ‘कशावरून ठरवलं’ हा रकाना स्वतंत्र हवा. त्यात नकाशा, खरेदीखत, मापं किंवा कुणाचं सांगणं यांतलं जे असेल ते लिहा. यातले निदान दोन आधार एकमेकांशी जुळले तरच ‘पक्कं’ म्हणा, नाहीतर ‘संशयित’. ओपनस्ट्रीटमॅपवर टाकायचं असेल तर जमिनीवर आज दिसतो तेवढाच मार्ग ‘सोडून दिलेली रेल्वे’ म्हणून टाका. नांगराखाली पूर्ण गेलेला भाग ओपनहिस्टॉरिकलमॅपमध्ये जातो. यादीची आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात आणि एक वेगळ्या गावी राहणाऱ्या माणसाकडे ठेवा. आणि ज्यांनी सांगितलं त्या प्रत्येकाच्या घरी त्यांच्या बोलण्याची छापील प्रत पोचवा, मोठ्या टायपात.